अर्ध्या गुणाचं प्यादं

परीक्षा संपल्यापासून नातवाचा मुक्काम इथे अँटॉप हिलला, आमच्याकडे आहे. दिवसभर त्याचं बुद्धिबळ चालू असतं. पट नाही, सोंगट्या नाहीत, हातात फक्त मोबाईल. डाव संपला की तो एक बटण दाबतो आणि यंत्र प्रत्येक चालीपुढे गुण मांडतं. आकडा अधिक असला तर पांढऱ्याची बाजू बरी, उणे असला तर काळ्याची. परवा तो पांढऱ्याकडून खेळला होता. दोन्हीकडची मोहरी सारखी, प्यादीही सारखी, तरी यंत्र दाखवत होतं उणे ०.७.

"आजोबा, माझं काही मेलेलंच नाही, मग माझे पाऊण गुण गेले कुठे?"

मी चष्मा लावून पाहिलं. पटाच्या मध्यावर त्याचं एक प्यादं उभं होतं आणि त्याच्या डाव्या-उजव्या रांगेत स्वतःचं एकही प्यादं उरलं नव्हतं. मी म्हटलं, "हे बघ, हे एकटं पडलंय. ह्याला राखायला आता दुसरं प्यादं येऊ शकत नाही. हत्ती-घोड्याला त्याच्या पहाऱ्यावर बसावं लागणार." त्याला पटलं. मग त्याने विचारलं, "पण हे यंत्राने लिहिलंय कुठे?"

कुठेच लिहिलं नव्हतं. नुसता आकडा होता.

चौतीस वर्षं मास्तरकी केल्यावर एवढं नक्की कळतं, की नुसता आकडा हातात दिला की मूल तोंडाकडे बघत राहतं. म्हणून म्हटलं, हा आकडा येतो कुठून त्याचा छडा लावू. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस, गणिताशी माझं कधी फारसं जमलं नाही. थोरल्याने काही इंग्रजी लेख छापून आणून दिले, ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. बंगळूरच्या भाचीने मागेच बजावलंय, "काका, तांत्रिक काही लिहू नका, झोप येते." तिला सांगतो, बाई गं, हा विषय यंत्राचा आहे तितकाच प्रगतिपुस्तकाचाही आहे. शेवटपर्यंत वाच.

*

सुरुवात आमच्या घरापासून करतो. मला बुद्धिबळ वडिलांनी शिकवलं ते देशी पद्धतीचं. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं. आणि मोठा फरक पुढे होता. प्यादं पलीकडच्या शेवटच्या घरात पोचलं की आजच्या डावात ते हवं ते मोहरं होतं, म्हणजे बहुतेक वेळा वजीरच. आमच्या देशी डावात ते ज्या उभ्या रांगेतून पोचलं त्या रांगेचं मोहरं व्हायचं. हत्तीच्या रांगेत पोचलं तर हत्ती, घोड्याच्या रांगेत घोडा. वजीर व्हायचं तर मधल्या रांगेतूनच जायला हवं. ह्या नियमांत गावोगाव थोडा फरक असे, पण आमच्या घरचा कायदा हा.

आता विचार करा, ह्या नियमात प्रत्येक प्याद्याची किंमत जन्मापासूनच वेगळी झाली. कडेच्या प्याद्याने कितीही पराक्रम केला तरी त्याच्या नशिबी वजीरपद नाही. लहानपणी मला ह्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेतल्या स्पर्धेत पहिल्यांदा समोरच्या मुलाने कडेच्या प्याद्याचा वजीर केला तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो!

पण देशी डावात प्याद्याला एक मोठा मानही होता. वजिराने किंवा हत्तीने मात केली तर ती साधी मात. प्याद्याने मात केली तर ती प्यादेमात, आणि तिची शान वेगळीच. वडील हातातला जिंकलेला डाव लांबवत बसायचे, का तर शेवटचा शह प्याद्याने द्यायचा म्हणून.

हा देशी डाव आणि विलायती डाव यांची गाठ छापील रूपात पडली ती आपल्या मुंबईतच. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ इंग्रजीत आणून १८१४ साली मुंबईत छापला गेला, आणि तो मुद्दाम युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेला होता. पट, मोहरी, सगळं तेच. बदललं ते मुख्यतः प्याद्याचं नशीब.

युरोपात त्याच्या आधीच, १७४९ मध्ये, फिलिडोर नावाच्या फ्रेंच संगीतकाराने एक पुस्तक लिहून प्याद्यांना डावाच्या केंद्रस्थानी आणलं होतं. मोहरी इकडून तिकडे उड्या मारतात, पण प्यादं मागे फिरत नाही. त्यामुळे प्याद्यांची जी रचना होईल तिच्यावर बाकीच्या मोहऱ्यांना संसार करावा लागतो. पुढे १९२५ मध्ये निम्झोविचने आपल्या पुस्तकात ह्या रचनेच्या दुखण्यांची बारकाईने चिकित्सा केली. एकटं प्यादं त्याला संशयास्पद वाटे. त्याच्या आधीच्या पिढीतला डॉक्टर टाराश मात तेच एकटं प्यादं आनंदाने पत्करायचा, कारण त्याच्या आजूबाजूला मोहऱ्यांना मोकळं रान मिळतं. म्हणजे एकाच प्याद्याबद्दल दोन मोठ्या पंडितांची दोन मतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

यंत्राला डाव शिकवायचा विचार सुरू झाला दुसऱ्या महायुद्धानंतर. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ट्युरिंगने नियमांचा एक संच तयार केला. तो चालवू शकेल असं यंत्र हाताशी नव्हतं, म्हणून १९५२ मध्ये तो स्वतःच यंत्र झाला. कागद-पेन्सिल घेऊन नियमाप्रमाणे आकडेमोड करायची आणि जी चाल निघेल ती खेळायची. अ‍ॅलिक ग्लेनी नावाच्या सहकाऱ्याविरुद्धचा हा डाव तो हरला. त्याच्या नियमांत प्याद्याला एक घर पुढे गेल्याबद्दल दोन दशांश गुण होते, आणि प्याद्याखेरीज दुसऱ्या एखाद्या मोहऱ्याचा आधार असेल तर तीन दशांश. बक्षिसं होती, पण दुबळ्या रचनेला दंड नव्हता.

दंड लावला तो अमेरिकेत क्लॉड शॅननने. बेल प्रयोगशाळेतल्या ह्या गणितज्ञाचा लेख १९५० मध्ये छापून आला, आणि पुढच्या सत्तर वर्षांच्या बुद्धिबळ-यंत्रांचा पाया त्यात आहे. त्याने एक सूत्र मांडलं. राजा २००, वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा प्रत्येकी ३, प्यादं १. आपली बेरीज वजा समोरच्याची बेरीज. मोहऱ्यांना जेवढ्या चाली उपलब्ध, तेवढे प्रत्येकी एक दशांश. आणि तीन प्रकारच्या प्याद्यांसाठी प्रत्येकी अर्धा गुण वजा.

पहिला प्रकार दुहेरी प्याद्यांचा, एकाच उभ्या रांगेत एकामागे एक अडकलेली. दुसरं एकाकी प्यादं, म्हणजे शेजारच्या दोन्ही रांगांत आपलं प्यादं नसलेलं. आणि तिसरं मागासलेलं. मागासलेलं म्हणजे शेजारची प्यादी पुढे निघून गेली, हे मागे राहिलं, आता पुढचं पाऊल टाकलं तर समोरचं प्यादं टिपणार आणि राखायला शेजारी कोणी नाही, असं प्यादं.

अर्धा गुण वजा! वाचलं आणि मला हसूच आलं. मी निबंध तपासताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला अर्धा गुण कापायचो. का अर्धा? पाव का नाही? कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. शॅनन माझ्यापेक्षा प्रामाणिक. त्याने लेखातच कबूल केलंय, की हा अर्धा आणि तो एक दशांश हे आपले नुसते अंदाज आहेत. एक उदाहरण म्हणून त्याने सूत्र दिलं होतं, आणि आणखी कशाकशाचा विचार करावा लागेल त्याची यादीही शेवटी जोडली होती. पण अंदाज एकदा छापला गेला की त्याचा नियम व्हायला वेळ लागत नाही.

*

पुढचा प्रश्न वेगाचा. यंत्राने हजारो पट तपासायचे तर प्रत्येक वेळी "ह्या प्याद्याला शेजारी आहे का" हे कसं बघायचं? ह्याचं उत्तर वाचून मला आमचा हजेरीपट आठवला. पटावर घरं ६४. प्रत्येक घरापुढे हजर असेल तर १, गैरहजर असेल तर ० लिहायचं. पांढऱ्या प्याद्यांचा असा ६४ खुणांचा एक हजेरीपट, काळ्यांचा दुसरा. आता एखादं प्यादं एकाकी आहे का हे पाहायला शेजारच्या दोन रांगांचा एक तयार साचा घ्यायचा आणि हजेरीपटावर ठेवायचा. साच्यातून एकही १ दिसला नाही, तर प्यादं एकाकी. यंत्राला हे एका झटक्यात जमतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात स्लेट आणि अ‍ॅटकिन यांनी आणि मॉस्कोत 'काइसा'च्या मंडळींनी अशी पद्धत वापरली. हीच काइसा १९७४ मध्ये स्टॉकहोमला यंत्रांची पहिली जगज्जेती झाली.

दुसरी युक्ती आणखी घरगुती आहे. प्यादी सावकाश चालतात. मोहऱ्यांच्या शेकडो चाली झाल्या तरी प्याद्यांची मांडणी पुष्कळदा तीच असते. मग दर वेळी नव्याने हिशेब कशाला? एकदा काढलेला शेरा वहीत लिहून ठेवायचा, तीच मांडणी परत दिसली की वही उघडून तोच शेरा वाचायचा. बहुतेक सगळ्या चांगल्या कार्यक्रमांत अशी प्याद्यांची वही असे. हे वाचल्यावर मात्र मला हसू आलं नाही. आम्हीही तेच करत होतो. मागच्या वर्षीच्या वर्गशिक्षकाने लिहिलेला शेरा बघायचा आणि थोडे शब्द बदलून पुढे चालवायचा.

*

आता जे सांगतो ते घरातही मी फार कोणाला सांगितलेलं नाही.

साल १९८३. माझी शाळा गिरणगावातली, मी रोज इथून बसने जायचो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाख कामगार घरी बसले होते. पहिले काही महिने वर्गात तसं जाणवलं नाही. मग हळूहळू बाकं रिकामी व्हायला लागली. कोणी आईबरोबर गावी गेलं, कोणाचं नाव काढलं, कोणी दाखलासुद्धा न नेता नाहीसं झालं.

माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. आधी चार-पाच पोरांच्या टोळक्यात असायचा, सगळी एकाच चाळीतली. ती पोरं एकेक करून कोकणात नि घाटावर गेली, हा राहिला. सकाळी बाजारात भाजीच्या गाडीवर उभा राहायचा, मग शाळेत यायचा, तोही उशिरा. मागच्या बाकावर एकटा बसायचा. विचारलं तर उत्तर द्यायचा नाही. वार्षिक निकालाच्या वेळी मी त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला : "अभ्यासात मागास. वर्गात एकटा राहतो. सुधारणा आवश्यक."

शॅननचा लेख मी तेव्हा वाचलेला नव्हता. पण त्याचे तीनांतले दोन शब्द बघा, जसेच्या तसे.

निकालाच्या दिवशी त्याचे वडील आले. संपावरचा गिरणी कामगार, सदरा धुतलेला पण इस्त्री नसलेला. प्रगतिपुस्तक सावकाश वाचलं आणि त्या शब्दावर बोट ठेवून शांतपणे म्हणाले, "सर, मागास तर आम्ही दाखल्यावर आहोतच. हे दुसरं कशाबद्दल लिहिलंय?"

मी गडबडलो. म्हटलं, "तसं नाही हो, अभ्यासापुरतं म्हणतोय मी."

ते म्हणाले, "बरं." आणि खाली सही केली. वळणदार सही होती. जूनमध्ये मुलगा आला नाही.

पुढे तो मोठा साहेब होऊन मला भेटायला आला वगैरे काही नाही. काय झालं त्याचं, मला ठाऊक नाही. पण परवा 'मागासलेलं प्यादं' ह्याची व्याख्या वाचली आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन बसलो. शेजारची पुढे गेली म्हणून मागासलेलं. शेजारची नाहीशी झाली म्हणून एकाकी. प्याद्याने स्वतः काहीच केलेलं नाही! ते जिथे होतं तिथेच आहे. बदललंय ते भोवतालचं. तरी अर्धा गुण वजा होतो तो त्याच्या नावावर. मी त्या पोराच्या नावावर संपाचं खातं मांडलं होतं.

*

पण आता एकदम उलटा सूर लावणंही बरोबर नाही. शब्द खोटे होते का? नव्हते. ह्याचं उत्तर एका डावात आहे, तो मी घरातल्या जुन्या पटावर मांडून पाहिला.

१० फेब्रुवारी १९९६, फिलाडेल्फिया. आयबीएमचं 'डीप ब्लू' पांढऱ्याकडून, समोर जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह. दहाव्या चालीला यंत्राचं वजिराच्या रांगेतलं प्यादं एकाकी झालं. शॅननच्या हिशेबाने अर्धा गुण वजा. तेरा चाली ते तसंच मध्यावर उभं होतं. टाराश म्हणाला असता तसं, त्याच्या आजूबाजूने यंत्राची मोहरी मोकळी फिरत होती. त्या दरम्यान मारामारीत काळ्याची दोन ठिकाणी प्यादी दुहेरी झाली. आणि तेविसाव्या चालीला यंत्राने तेच एकाकी प्यादं एक घर पुढे ढकललं, सरळ शत्रूच्या तोंडात.

कास्पारॉव्हने ते मारलं. हत्तींची मारामारी झाली आणि त्या घरात शेवटी काळ्याचं राजाच्या रांगेतलं प्यादं येऊन बसलं. आता पट पाहा. काळ्याकडे सहा प्यादी, पांढऱ्याकडे पाच, बाकी मोहरी समसमान. म्हणजे काळा एका प्याद्याने वर. पण ते राजाच्या रांगेतलं प्यादं हललं आणि बाजूच्या दोन प्याद्यांचा शेवटचा शेजारी गेला. सहाच्या सहा काळी प्यादी एकाकी! त्यातल्या दोन जोड्या दुहेरी. मी शॅननचं सूत्र लावून बघितलं. सहा एकाकींचे तीन गुण गेले, दोन जोड्यांचा एक गुण गेला, सहातून चार वजा, उरले दोन. पांढऱ्याच्या पाच प्याद्यांत कापण्यासारखं काही नाही. पाचास दोन.

तीन चालींनी यंत्राने आपलं प्यादं परत मिळवलं आणि सदतिसाव्या चालीला कास्पारॉव्हने डाव सोडला. स्पर्धेच्या वेळेच्या नियमांत जगज्जेता यंत्राकडून हरला तो हा पहिला डाव. कास्पारॉव्हने नंतर 'टाइम' साप्ताहिकात लिहिलं, की त्या प्याद्याच्या चालीत आपल्याला एक नवीन प्रकारची बुद्धी समोर बसल्यासारखी वाटली. मग त्याला कळलं की यंत्राने प्यादं परत मिळणार हे मोजूनच दिलं होतं. तो सामना कास्पारॉव्हने ४-२ असा जिंकला. पुढच्या वर्षी, मे १९९७ मध्ये, न्यूयॉर्कला डीप ब्लूने ३.५-२.५ अशी परतफेड केली. तेव्हा ते सेकंदाला वीस कोटी पट तपासत होतं. त्याच वर्षी आपल्या मुंबईचे प्रवीण ठिपसे भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. आमच्या शिक्षक-खोलीत चर्चा दोन्हींची झाली.

माझ्यासाठी ह्या डावातलं शिक्षण असं. एकाच डावात 'एकाकी' हा शब्द दोन्हीकडे लागू होता. पांढऱ्याचं एकाकी प्यादं डाव उघडून गेलं. काळ्याची एकाकी प्यादी एकेक करून ओझं झाली. शब्द तोच, आणि दोन्हीकडे खरा. फरक होता तो भोवती कोण उभं होतं आणि डावाची वेळ कोणती होती ह्याचा.

हे पुढच्या कार्यक्रमकारांनाही कळलं होतं. २००८ मध्ये 'स्टॉकफिश' नावाचा कार्यक्रम आला. तो सगळ्यांना मोफत आणि त्याची आतली रचनाही सगळ्यांसाठी खुली. नातवाच्या मोबाईलमध्ये आकडे देतो तो हाच. त्यात एकाकी, मागासलेल्या, दुहेरी प्याद्याला एक किंमत नव्हती, दोन होत्या. एक डावाच्या मध्यातली, दुसरी अखेरीची. पटावर मोहरी जशी कमी होत जातील तसा पहिल्या किमतीचा वाटा कमी आणि दुसरीचा जास्त. हातात हात घालून उभ्या असलेल्या प्याद्यांना बक्षीस, अडवायला कोणी नसलेल्या मोकळ्या प्याद्याला आणखी मोठं. आणि कोणताही आकडा बदलायचा तर "मला वाटतं" चालायचं नाही. २०१३ पासून जगभरातले स्वयंसेवक आपले संगणक देतात, जुना आकडा आणि नवा आकडा हजारो डाव एकमेकांशी खेळतात, आणि जिंकेल तो ठेवतात. माझ्या अर्ध्या गुणाची अशी परीक्षा कोणी घेतली असती तर!

*

आणि मग ते शब्दच गेले.

डिसेंबर २०१७ मध्ये 'अल्फाझीरो'ची बातमी आली. त्याला फक्त नियम सांगितले होते. एकाकी काय, मागासलेलं काय, काही शिकवलं नव्हतं. ते स्वतःशीच खेळत शिकलं आणि स्टॉकफिशशी झालेल्या शंभर डावांत २८ जिंकलं, बाकी ७२ बरोबरीत, हार एकही नाही. पुढच्याच वर्षी जपानमध्ये यू नासू यांनी शोगी ह्या त्यांच्याकडच्या बुद्धिबळासाठी एक लहान, चपळ जाळं तयार केलं. साध्या संगणकावरही भराभर चालेल असं. सप्टेंबर २०२० मध्ये ते स्टॉकफिशच्या बाराव्या आवृत्तीत आलं. काही काळ जुनी सूत्रं आणि नवं जाळं एकत्र नांदली. जुलै २०२३ मध्ये जुनी सूत्रं काढून टाकली गेली, आणि फेब्रुवारी २०२४ ची आवृत्ती ही त्यांच्याशिवायची पहिली. त्यातून फारसं काही बिघडलं नाही. यंत्राच्या ताकदीसाठी ती आता महत्त्वाची राहिली नव्हती.

आता त्या यंत्रात 'एकाकी प्यादं' असं कुठेही लिहिलेलं नाही. कोणतं मोहरं कुठे आहे आणि राजा कुठे आहे हे आत जातं, आकड्यांच्या चाळणीतून बाहेर एक आकडा येतो. प्यादं एकाकी आहे का, असं ते वेगळं विचारत नाही. सगळा पट एकदम बघतं. म्हणून माझ्या नातवाला उणे ०.७ मिळालं आणि कारण मिळालं नाही.

हे वाचून पहिल्यांदा मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो. शेरे नकोच, सगळा पट बघा! पण मास्तरचं डोकं, दुसरी बाजू दिसल्याशिवाय राहत नाही. स्टॉकफिशचं ते जाळं शिकलं कशावर? सुरुवातीचे धडे मिळाले ते जुन्या स्टॉकफिशनेच गुण दिलेल्या लाखो-करोडो पटांवर. म्हणजे एकाकी, मागासलेलं, दुहेरी हे शब्द ज्याच्या पोटात होते त्याच गुरूने पहिले गुण दिले. नंतर इतरांकडचेही धडे आले, गुरूचे शब्द गळून पडले. पण पाटीवरची पहिली अक्षरं त्याचीच. आणि दुसरं म्हणजे, नातवाला उणे ०.७ चा अर्थ कळला तो यंत्राकडून नाही. "हे एकटं पडलंय" हे वाक्य मला उच्चारावं लागलं.

म्हणजे माझी चूक शब्दात नव्हती. तो मुलगा वर्गात एकटा बसायचा हे खरंच होतं, आणि कोणीतरी ते पाहणं गरजेचं होतं. मी पाहिलंही. पण ते पाहून विचारायला हवं होतं, की ह्याच्या बाजूची चार पोरं कुठे गेली? ह्याला आता राखणार कोण? एकटं प्यादं दिसल्यावर चांगला खेळाडू हेच विचारतो आणि एखादा घोडा तिकडे वळवतो. मी गुण कापला आणि वही मिटली. 'सुधारणा आवश्यक' हे तर त्या मुलाला लिहिलं होतं, ते खरं म्हणजे मलाच लागू होतं. निदान शाळा सुटल्यावर त्याला अर्धा तास बसवून घेता आलं असतं. मला वेळ नव्हता असं काही नव्हतं.

असो. हे सगळं मी नातवाला सांगितलं नाही, डीप ब्लूचा डाव मात्र पटावर मांडून दाखवला. तो भलताच खूश झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या डावात तसंच एक प्यादं एकटं पडलं, आणि पठ्ठ्याने काही न मोजता ते पुढे ढकललं. समोरच्याने ते मारलं आणि बदल्यात काहीसुद्धा मिळालं नाही. यंत्राने दाखवलं उणे १.९.

"आजोबा, तुमचं डीप ब्लू!" म्हणून तो मोठ्याने हसला. मीही हसलो. मग आम्ही दोघांनी मिळून बघितलं, त्या प्याद्याच्या मदतीला त्याच्या आधी कोणतं मोहरं आणता आलं असतं. घोडा होता. दोन चालींवर, कडेला, काही न करता उभा होता.